साक्षीला सांग, चरबी उतरली

रंकाळा, कोल्हापूर
१४ सप्टेंबर २०२५

सम्राटदादा,

सप्रेम जय भीम.

हे पत्र गणपतीच्या आधी लिहायचं होतं. गणपती बसले, उठले, डॉल्बीनं कानाला दडे बसले, तेही सुटले, तरी कागद कोराच. मधे एकदा लिहायला बसलो तर समोरच्या टपरीवर दोघांची कशावरून तरी जुंपली, ती बघत बसलो. खरं सांगायचं तर दोन वर्षं माणसाशी बोललं नाही की पहिलं वाक्यच सापडत नाही. आता सापडलंय असं नाही. पण लिहितोय.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, आईचा केलास. पत्ता कबनूरच्या राजवीरकडून काढला. तो म्हणाला, "टपालानं पत्र? लेका, कुठल्या जमान्यातला तू?" म्हटलं, पत्र ब्लॉक करता येत नाही. फार तर फाडता येतं.

सध्या मी लोकांची चरबी मोजतो. हसू नको. वारणानगरला दुधाच्या टँकरवर क्लीनर होतो ते सुटलं, मग गोव्यात एका हॉटेलात होतो तेही सुटलं, कसं सुटलं ती वेगळीच गंमत आहे, ती नंतर सांगतो. आता संयोगिता मॅडमच्या हेल्थ क्लबात आहे. सकाळी रंकाळ्यावर टेबल लावायचं, फ्लेक्स लावायचा, आणि फिरायला आलेल्यांना म्हणायचं, या पावणं, फुकट बघून जावा. वजनकाट्यासारखं मशीन आहे, वर स्टीलच्या चार पट्ट्या. अनवाणी उभं राहायचं. पायातून बारीक करंट जातो, कळतसुद्धा नाही. अंगातल्या पाण्यातून तो सरसर जातो, चरबीत अडतो. किती अडला, उंची किती, वजन किती, वय काय, बाई की पुरुष, असं सगळं धरून मशीन आकडा दाखवतं. मग मॅडम पावडरीचा डबा दाखवतात. लोक तळ्याला एक फेरी मारतात, मिसळ हाणतात आणि मग येऊन मशीनला शिव्या देतात. मला आता अशी सवय लागलीय की यष्टीत बसलो तरी समोरच्याला मनात टक्का लावतो. कंडक्टर अठ्ठावीस. त्याच्यामागची म्हातारी वीस.

आई बरी आहे. तोंडावर तेज आलंय, गाल भरलेत. गल्लीतल्या बायका म्हणतात, सोनूबाई, काय खातीस गं? मशीन पाठीवर टाकून मी गावोगाव फिरतो, शिरोळला गेलो की आईला उभं करतो. आधी एकतीस होती. मग अठ्ठावीस. परवा सव्वीस. वजन मात्र वाढलंय, पण मॅडम म्हणाल्या की चरबी उतरून वजन वाढलं म्हणजे मांस वाढलं, ह्या वयात असं होत नाही, आईंचा फोटो फ्लेक्सवर घेऊ.

पण पत्र त्यासाठी नाही. पत्र आईनं लिहायला लावलंय.

तो दिवस तुला आठवत असेलच. पाहुणे बसले होते. वहिनी बाळंतपणाहून येऊन महिना झाला नव्हता, मोनाला पाजत होती. आईनं चहा टाक म्हटलं, वहिनी म्हणाली जरा थांबा, आणि आई सगळ्यांदेखत बोलली, "चरबी चढलीया पोरीला." वहिनीला वाटलं, अंगाबद्दल बोलली, कारण बाळंतपणात तिचं अंग सुटलं होतं. तुला वाटलं, माजाबद्दल बोलली. दोघं दोन वेगळ्या शब्दांवर रागावून एकाच गाडीत बसलात आणि सुरतेला गेलात. आईला कुठली म्हणायची होती हे मी अजून विचारलेलं नाही.

तर परवा मशीनवर उभी राहून विचारते, "किती आली रं?"

"सव्वीस."

"म्हंजे उतरली की."

"उतरली."

"मग पंचवीसवर आली की सम्राटला लिही. म्हणावं, साक्षीला सांग, सासूची चरबी उतरली. पोरीला घिऊन ये म्हणावं."

मी हसलो. ती हसली नाही. उतरून चप्पल शोधायला लागली.

पंचवीस व्हायची वाट बघणार होतो. पण एक टक्क्यासाठी काय थांबायचं?

तुझा,
प्रसेनजीत


कबनूर
२६ सप्टेंबर २०२५

दादा,

जय भीम. उत्तर नाही. चालायचंच. राजवीर म्हणतो, पत्ता बरोबर आहे, तिथंच यंत्रमागावर कामाला असतोस. त्याच्या खोलीत बसून लिहितोय. बाहेर मागांचा खडखडाट एवढा आहे की वाक्य मनात म्हटलेलं स्वतःलाच ऐकू येत नाही.

राजवीर पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याला अंगातली चरबी काढायचं वेड लागलंय. मॅडमनी आम्हा पोरांची शिकवणी घेतली तेव्हा नमुना म्हणून त्यालाच उभा केला. मशीन म्हणालं एकोणीस. मग चिमटा काढला. चिमटा म्हणजे कातडी पकडायचं प्लास्टिकचं यंत्र, त्यावर मापाच्या खुणा असतात. दंडाच्या मागं, पोटावर, मांडीवर पकडायचं, बेरीज करायची, तक्त्यात बघायचं. आले तेरा. मग टेप, मान आणि कंबर. आले बावीस. राजवीर खवळला. नेट लावून त्यानं एका सेंटरमधे झोपवून काढतात तो स्कॅनसुद्धा काढला. सतरा. एकच माणूस आणि चार राजवीर. म्हणाला, "ह्यातला भरतीला कुठला नेऊ?" पोरं दोन दिवस त्याला बावीस म्हणूनच हाका मारत होती.

मी मॅडमना विचारलं की मग आपण सांगतो ते खोटंच की. त्या म्हणाल्या, "आकडा चुकीचा असू दे. उतार खरा असतो. तेच मशीन, तीच वेळ, उपाशीपोटी. पहिल्यापेक्षा कमी झालं का, एवढंच बघायचं." मला पटलं. अजूनही तसं चुकीचं वाटत नाही. नेहमीच्या माणसाला लागू आहे.

एक सांगायचं राहिलं. मशीनमधे ॲथलीट म्हणून एक बटण आहे. रोज कसून व्यायाम करणाऱ्यांसाठी. ते दाबलं की मशीन वेगळा हिशोब धरतं, टक्का धाडकन खाली येतो. आई पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा अडतीस आले होते. ती तोंड पाडून खाली उतरली. मला बघवेना. म्हटलं, हिनं जन्मभर ऊस तोडला, डोक्यावर मोळ्या वाहून ट्रॉली भरली. हिच्याइतकी ॲथलीट अख्ख्या शिरोळात कोण आहे? दाबलं बटण. एकतीस. तेव्हापासून तेच चालू आहे. लबाडी म्हणून नाही केलं रे. मला ते खरंच बरोबर वाटलं होतं.

पण ते पहिल्या आकड्याचं झालं. पुढचा उतार तर त्याच बटणावर आहे, म्हणजे तो खरा. असं मी स्वतःला दोन दिवस सांगतोय.

आणि एक. आई म्हणते दसऱ्याला नवी चप्पल घे, जुनी आखडली. दादा, चप्पल आखडते का रे?

राजवीर जेवायला बोलावतोय. वहिनीला आणि मोनाला

(इथं काय लिहायचं ते कळेना. तसंच ठेवतो.)

प्रसेनजीत


शिरोळ
३ ऑक्टोबर २०२५

दादा,

काल विजयादशमी. आई पांढरी साडी नेसून विहारात निघाली. मोठ्या मापाची नवी चप्पल आणलेली, तीही टाचेवर चढेना. शेवटी अनवाणी गेली. वंदनेला सगळे खाली बसले, ती भिंतीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "बसलं की उठाय येत न्हाय." बायका म्हणाल्या, अंग भरलंय, होणारच.

घरी आल्यावर मला उगीच काहीतरी सिद्ध करायचं होतं. मशीन म्हणतं चरबी उतरली, तर चिमट्यातही उतरलेली दिसायला पाहिजे. म्हटलं, आई, पाय पुढं कर. ती म्हणाली, "बकरीगत चाचपतोस व्हय रं मला?" पण केला. पोटरीला चिमटा लावला. कातडी नीट धरवेना, घट्ट आणि तुकतुकीत. थोडा दाबून धरला, माप घेतलं, सोडला.

दोन खड्डे राहिले.

चिमट्याच्या दोन टोकांचे दोन खड्डे. मी बघतोय, ते भरून येईनात. ओल्या मातीत बोट रुतवावं तसे. मग अंगठ्यानं नडगीवर दाबलं. तिथंही तसंच. आई म्हणाली, "दुखत न्हाय. झालं का तुझं?"

दादा, ते मांस नाही. पाणी आहे. आणि मशीनचं सगळं गणितच पाण्यावर आहे, हे मीच रोज शंभर माणसांना तोंडपाठ सांगतो. करंट पाण्यातून सरसर जातो. आईच्या पायात जसजसं पाणी भरलं तसतसा तो जास्त सहज गेला, आणि मशीन म्हणत राहिलं, वा, चरबी उतरली. वजन वाढलं ते पाण्याचं. गाल भरले ते पाण्यानं. उतार खरा होता, फक्त उतरत दुसरंच काहीतरी होतं.

लगेच म्हटलं, दवाखान्यात चल. तर म्हणाली, "कशाला? तुझ्या मशीननं सांगितलंय की मी ठणठणीत हाय. पयल्यांदा माझ्या पोरानं कुठलं काम धरून ठेवलंय, आन त्याच्यावरबी इस्वास ठेवू नको म्हणतोस?"

भिंतीवर फ्लेक्सचा फोटो लावलाय तिनं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

काय करू ते कळव. फोन कर. एकदाच ब्लॉक काढ.

प्रसेनजीत


सरकारी दवाखाना, कोल्हापूर
८ ऑक्टोबर २०२५

दादा,

वरचं ठिकाण वाचून घाबरू नको. म्हणजे घाबर. मला एकट्याला घाबरून भागेना.

आईला तीन दिवस समजावलं. ऐकेना. मग मशीन काढलं, स्वतः उभा राहिलो. म्हटलं, बघ. एकोणीस. बटण दाबून परत उभा राहिलो. बारा.

"आई, एवढ्यात माझी सात टक्के चरबी कुठं गेली?"

"कुठं गेली?"

"कुठं न्हाय. बटणात."

ती पडद्यावरच्या आकड्याकडं वाकली. "आन माझी?"

"तुझीबी बटणात. राहिलेली पाण्यात. पाय सुजलेत तुझे. मशीनला पाणी आणि मांस एकच वाटतंय."

मला वाटलं चिडेल. मार खायची तयारी ठेवली होती. तिनं पदर ओढून पाय झाकले आणि म्हणाली, "म्हंजे उतरलीच न्हाय."

"आई, पायाचं बघ आधी."

"पायाचं ऱ्हाऊ दे. सम्राटला लिवलंस का तू, उतरली म्हणून?"

"लिहिलं."

"झालं मग. आता त्याला खोटं कळवलं. साक्षीपुढं काय तोंड घिऊन जाऊ मी?"

दादा, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला वाटत होतं ती मशीनवर भुललीय. ती माफी मागायला निघाली होती रे. तोंडानं मागता येईना, म्हणून आकड्यानं मागत होती. पंचवीस आले असते तर सुरतेच्या गाडीत बसली असती. आणि मी तिला तेवढ्यात सांगितलं की तुझी माफी बटणात गेली.

दवाखान्याला नाहीच म्हणाली. "पयलं मला खरा आकडा दे. मग ने कुठं न्यायचं ते."

तेव्हा मला राजवीरचं मोठं मशीन आठवलं. म्हटलं, कोल्हापुरात झोपवून काढतात. हाडं वेगळी, मांस वेगळं, चरबी वेगळी.

"ते खोटं बोलत न्हाय?"

"न्हाय," म्हटलं. मला काय माहीत बोलतं का नाही.

काल सकाळच्या यष्टीनं आणली. सेंटरमधे निशिगंधा म्हणून मुलगी होती, मशीन चालवणारी. आईला टेबलावर आडवं केलं. आई आडवी झाली आणि लगेच धडपडून उठून बसली. श्वास पुरेना. परत झोपवायला गेलो तर माझा हात घट्ट धरला. ती मुलगी मशीनपासून उठून आली, पायावर बोट दाबलं, खड्डा बघितला.

"आजी, पाय कधीपास्नं असे हायत?"

"ते सोड बाई. आकडा काढ."

"ह्यातबी पाणी मांसातच धरलं जातंय आजी. काढला तरी कामाचा न्हाय. दादा, ह्यांना आधी डॉक्टरांकडं न्या. उद्या न्हाय, आत्ता."

आई मला म्हणाली, "म्हंजे थोरलं मशीनबी तसलंच?" पण तेव्हा तिच्यात भांडायचा दम नव्हता. रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टाकलं तिनं. मी शाळेत असताना तिनं कधी माझ्या डोक्यावरून हात फिरवलेला आठवत नाही, आणि आता तिचं डोकं एवढं जड.

डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाचं दुखणं आहे. अंगातलं चांगलं सत्त्व लघवीवाटे जातंय, पाणी साठतंय, आता छातीतही आहे. आईचे गुडघे जुने दुखतात म्हटल्यावर कुठल्या गोळ्या घेता विचारलं. आईनं पदराच्या गाठीतून काढून दाखवल्या, मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेल्या. त्या गोळ्यांनी झालं की आणखी कशानं, ते तपासून सांगणार. मी आईला आणून देत होतो त्या क्लबच्या पावडरीचं आपणहून सांगितलं. म्हणाले, तीही बंद. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खिडकीकडची कॉट. लिहून ठेवतो, कामी आलं तर.

प्रसेनजीत


सरकारी दवाखाना, कोल्हापूर
१४ ऑक्टोबर २०२५

दादा,

अजून तुझं काही नाही. आता मी उत्तरासाठी लिहीत नाही. हात चालू राहिला की बरं वाटतं.

आईचं पाणी उतरतंय. इथं टक्का कोणी विचारत नाही. रोज सकाळी सिस्टर साध्या काट्यावर उभी करते आणि वजन लिहिते, बस. ते कमी झालं की खूश होतात. गाल आत गेले. ते तेज म्हणत होतो ना, ती सूज होती. आता खाली जुनी आई निघालीय, गालाची हाडं वर असलेली, तू बघितलेली. पण पाणी गेलं तरी रक्तातले आकडे अजून वाईट आहेत. डायलिसिस लागतंय का नाही ते उद्याच्या रिपोर्टवर. मी जिन्यात जाऊन बसतो, परत येतो. एका जागी बसणं मला कधी जमलं नाही, तुला माहीत आहे. इथं मात्र कुठं जाता येत नाही आणि जावंसंही वाटत नाही.

मॅडम आल्या होत्या, शहाळी घेऊन. सिस्टरनं दारातनंच परत पाठवली, म्हणाली ह्यांना चालत नाही. मॅडम बिचाऱ्या ओशाळल्या. मला म्हणाल्या, फ्लेक्स उतरवलाय. मी मशीनची पिशवी त्यांच्या हातात दिली.

आईला जेवण अळणी. शिरोळच्या बाईला अळणी वरण. काल भाताला हात लावून म्हणाली, "ह्यापरीस उपास बरा." आणि आज सकाळी, मी चमच्यानं भरवत होतो तर एकदम म्हणाली, "कागद हाय का?"

"हाय."

"लिही सम्राटला. म्हणावं, मागं लिवलेलं खोटं हुतं. चरबी उतरली न्हाय."

मी म्हटलं, आई, कशाला आता. ती म्हणाली, "लिही म्हणते न्हवं."

मग मी जे विचारत नव्हतो ते विचारलं. म्हटलं, त्या दिवशी तू कुठली म्हणाली होतीस? अंगातली का माजाची?

खिडकीकडं तोंड करून पडली होती. "तिच्या अंगात कुठली आलती रं? लेकरू पाजत हुती ती. पावण्यांत मला मान पायजे हुता. चरबी माझ्याच अंगात हुती." मग म्हणाली, "असंच लिही. हाय तेवढी अजून हाय म्हणावं. मशीन सांगत न्हाय, मी सांगते."

हे तिचं आहे, दादा. माझा एक शब्द घातलेला नाही. वहिनीला वाचून दाखव. नाहीतर पत्रच तिच्या हातात

थांब.

सिस्टर विचारतेय, सोनूबाईंचं कोण आहे का, खालून बाई आल्यात.

दादा, वहिनी आलीय. दारात उभी आहे, मोना कडेवर, खांद्याला प्रवासाची पिशवी. तिच्या हातात माझी सगळी पत्रं आहेत, घडी मोडलेली. एकटीच आलीय. तुला सांगून आलीय का रे? तू ही पत्रं उघडली तरी होतीस का?

आईनं तिला बघितलं. उठायला गेली, जमलं नाही. हात पुढं केला आणि म्हणाली, "ये गं. किती वाळलीस बाई."

वहिनी कुठं वाळलेली नाही, दादा. माझा अंदाज चुकत नाही. आहे तशीच आहे. पण ती पिशवी खाली टाकून रडत आईकडं चाललीय, आणि मी काही बोलणार नाही.